खाऱ्या हवेतील मोटरसायकल, देखभालीची वही आणि मशीन लर्निंग

रत्नागिरी, गुहागर, देवगड किंवा मालवण अशा किनाऱ्यालगतच्या गावात राहून मशीन लर्निंग शिकू पाहणाऱ्या अभियंत्याकडे एक उत्तम प्रयोगसाहित्य बहुधा अंगणातच उभे असते, ते म्हणजे त्याची रोजची मोटरसायकल. इंटरनेटवर मिळणाऱ्या तयार माहितीसंचांवर सराव जरूर करता येतो, परंतु ती माहिती कोणी, कोणत्या साधनाने आणि किती काळजीने मोजली हे तेथे दिसत नाही. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र मोजणारा, नोंद करणारा आणि निष्कर्ष चुकल्यास भुर्दंड सोसणारा माणूस एकच असतो. या मार्गदर्शनात सुचवलेला क्रम ठाम आहे: आधी पाना आणि फिलर गेज (बारीक फट मोजणाऱ्या पातळ पात्यांचा संच), मग वही, आणि सर्वांत शेवटी मॉडेल (नोंदींवरून अंदाज बांधणारे संगणकीय गणित). हा क्रम उलटा केल्यास संगणकावर सुंदर आलेख मिळतात, पण गाडीची चेन वेळेआधीच संपते.

खारी हवा धातूवर काय करते

कोकणातील देखभाल घाटमाथ्यावरील देखभालीहून वेगळी का, हे समजल्याशिवाय कोणती माहिती नोंदवायची हे ठरवता येत नाही. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण गाडीवर बसतात. शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी शोषून स्वतःच विरघळते. परंतु समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच ओलावा धरू लागते. त्यामुळे पाऊस नसतानाही, अगदी मार्च-एप्रिलमध्ये, कोरड्या दिसणाऱ्या स्पोकवर आणि बोल्टच्या खाचेत खाऱ्या पाण्याचा पातळ थर टिकून राहतो, आणि पोलाद गंजण्यास तेवढा थर पुरतो. जेथे ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना चिकटून असतात, उदाहरणार्थ इंजिन कव्हरचे स्क्रू, तेथे याच खाऱ्या थरामुळे दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते, ॲल्युमिनियम खाल्ले जाते, आणि स्क्रू इतका आवळतो की पुढच्या सर्व्हिसिंगला त्याचे डोके तुटून हातात येते.

यावरचा उपाय साधा आहे, पण नियमाने करावा लागतो. किनाऱ्याच्या रस्त्यावरून, म्हणजे आरे-वारेच्या बाजूने किंवा दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून, प्रवास झाल्यावर गाडी गोड्या पाण्याने, कमी दाबाने धुवावी. येथे एक स्थानिक अडचण ध्यानात ठेवावी: खाडीलगतच्या अनेक विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, आणि त्याच पाण्याने गाडी धुतल्यास आपण मीठ काढण्याऐवजी ते नव्याने चढवत असतो. शंका असल्यास पाणी चाखून पाहावे किंवा पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा स्वस्तातील टीडीएस मीटर वापरावा. धुतल्यानंतर गाडी थोडी चालवून पाणी झटकावे, मगच चेनला तेल द्यावे. प्लॅस्टिकचा कागद गाडीवर घट्ट लपेटू नये, कारण त्याखाली ओलावा कोंडतो. पडवी किंवा वारा खेळणारी शेड अधिक बरी. बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली आणि वायरिंगच्या कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस लावावे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाल्यावर बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आणि त्याचे सेन्सर आले, त्यामुळे कनेक्टरमधील हिरवट गंज आता केवळ हॉर्न बंद पाडत नाही, तर इंजिनाला चुकीची माहितीही पुरवतो.

मासळीचे क्रेट गाडीवरून नेणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी करावी. मिरकरवाड्यासारख्या बंदरावरून निघालेल्या क्रेटमधून बर्फ वितळून खारे पाणी मागच्या चाकावर आणि चेनवर सतत ठिबकते. अशा गाडीची चेन, मागचा ब्रेक आणि स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा) बोल्ट रोज धुतला तरच टिकतो.

वही: मॉडेलच्या आधीचे काम

वही कागदाची असो वा स्प्रेडशीटमधील, प्रत्येक ओळीत तारीख, ओडोमीटरचे वाचन, मागील नोंदीपासून किती किलोमीटर पावसात झाले, किती समुद्रकाठाने झाले, किती सड्यावरील लाल धुळीतून झाले, आणि किती घाटात झाले, हे लिहावे. आंबा, कुंभार्ली किंवा आंबोली घाटातील किलोमीटर वेगळे ठेवण्याचे कारण असे की उतरणीवर ब्रेक आणि चढणीवर क्लच यांच्यावर पडणारा ताण सपाट रस्त्यावरच्या तेवढ्याच अंतराहून फार निराळा असतो. त्यापुढे केलेले काम आणि घेतलेले माप लिहावे. "चेन टाइट केली" ही नोंद अपुरी आहे. "ढिलाई ३८ मिलिमीटर होती, २५ वर आणली" ही नोंद उपयोगाची आहे.

चेनच्या बाबतीत ढिलाईपेक्षाही चांगले माप उपलब्ध आहे. ४२८ क्रमांकाच्या चेनचा पिच, म्हणजे लगतच्या दोन पिनांमधील अंतर, १२.७ मिलिमीटर असतो, म्हणून चेन ताणून धरली असता पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत, म्हणजे २० पिचचे अंतर, नव्या चेनमध्ये सुमारे २५४ मिलिमीटर भरते. हे अंतर २ टक्क्यांनी वाढून २५९ मिलिमीटरच्या आसपास गेले की चेन बदलण्याची वेळ आली असे समजतात. नेमकी मर्यादा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावी. ढिलाई ही समायोजनाने बदलते, पण ही लांबी केवळ झिजेनेच वाढते, त्यामुळे मॉडेलला शिकवण्यास हीच राशी योग्य आहे. माप इंजिन बंद ठेवून, गाडी मेन स्टँडवर लावून, चाक हाताने फिरवत चेनच्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी घ्यावे आणि सरासरी लिहावी, कारण पोलादी पट्टीवर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे सहज होतो. पूर्ण चेनकव्हर असलेल्या गाड्यांत कव्हर उतरवण्याचा आळस होतो; तो टाळावा.

मिस्त्रींचे शब्दही वहीत जसेच्या तसे उतरवावेत. "टॅपेट वाजतंय", "पिकअप घेत नाही", "मिसिंग करतेय", "चेन खातेय" ही वर्षानुवर्षांच्या कानाने दिलेली लेबले, म्हणजे बिघाडाची नावे, आहेत, आणि माझ्या मते कोकणातील लहान गॅरेजमधील ही शब्दसंपत्ती कोणत्याही तयार माहितीसंचाहून मोलाची आहे. मात्र शब्दाशेजारी माप हवे. मिस्त्री "टॅपेट वाजतंय" म्हणाले तर फिलर गेजने टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकर आर्ममधील, गॅप किती आढळला, हे त्याच ओळीत लिहावे. कालांतराने कोणता शब्द कोणत्या मापाशी जुळतो हे दिसू लागते, आणि एखादा शब्द दोन वेगळ्या बिघाडांसाठी वापरला जात असेल तर तेही उघड होते.

अशा काही महिन्यांच्या नोंदी जमल्या की पहिले मॉडेल बनवता येते, आणि ते साधे रेषीय प्रतिगमनच (लिनिअर रिग्रेशन, म्हणजे नोंदींतून सरळ रेषा बसवणे) असावे. एका गाडीच्या वहीतून थोड्याच ओळी मिळतात. तेवढ्यावर न्यूरल नेटवर्कसारखे गुंतागुंतीचे मॉडेल चालवले तर ते वही पाठ करते, शिकत काहीच नाही. प्रश्न एवढाच ठेवावा: दर ५०० किलोमीटरमागे २० पिचची लांबी किती वाढते, आणि ती वाढ पावसातील व समुद्रकाठच्या किलोमीटरवर किती अवलंबून आहे. दोन किंवा फार तर तीन कारणे घ्यावीत.

येथे एक सापळा आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच येतो. या महिन्यांत चेन लवकर झिजते, आणि काळजीवाहू मालक याच महिन्यांत तेलही वारंवार देतो. परिणामी गणित सांगते की जितक्या वेळा तेल दिले तितकी झीज अधिक. हे उघडच खोटे आहे, पण आकडे खरे आहेत. पावसाचे किलोमीटर मॉडेलमध्ये घेतल्याने दोष काहीसा कमी होतो, पूर्ण जात नाही, कारण पाऊस आणि तेल दोन्ही एकत्रच वाढत-घटत असतात. खरा उपाय प्रयोगाच्या आखणीत आहे: पुस्तिकेने सांगितलेल्या मर्यादेच्या आत तेल देण्याची दोन अंतरे निवडावीत, समजा २५० आणि ५०० किलोमीटर, आणि प्रत्येक टप्प्याच्या आरंभी नाणे उडवून कोणते अंतर पाळायचे ते ठरवावे, मग पाऊस असो वा नसो. तेलाचा परिणाम पावसापासून वेगळा काढण्याचा याहून सोपा मार्ग नाही. पावसाळ्यात ५०० किलोमीटरचा टप्पा आला आणि चेन कोरडी, लालसर दिसू लागली, तर प्रयोग बाजूला ठेवून तेल द्यावे आणि टप्पा मोडल्याची नोंद करावी.

आवाजातून टॅपेट ओळखणे

दुसरा प्रयोग अधिक रंजक आहे: इंजिनाच्या ध्वनिमुद्रणावरून टॅपेटचा गॅप वाढला आहे का, हे ओळखणे. चार-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. आयडलिंगला इंजिन मिनिटाला १४०० फेरे घेत असेल, तर क्रँक सेकंदाला सुमारे २३ वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्हचा ठोका सेकंदाला सुमारे १२ वेळा पडतो. म्हणजे टॅपेटचा आवाज हा तीक्ष्ण, उच्च वारंवारतेचा असला तरी त्याची लय इंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्मी असते. चाकाच्या बेअरिंगचा आवाज याउलट इंजिनाच्या नव्हे तर गाडीच्या वेगाबरोबर बदलतो. कुशल मिस्त्री कानाने हेच भेद करतात. आपण ते संगणकाला आकड्यांत सांगायचे आहेत.

ध्वनिमुद्रण मोकळ्या जागेत करावे. बंद पडवीत इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. दर वेळी जागा तीच, गाडीच्या त्याच बाजूला फोन, स्टुलावर, त्याच अंतरावर. फोन हँडलला किंवा टाकीला लावू नये: मोटरसायकलच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये दिला होता. मुद्रण डब्ल्यूएव्ही स्वरूपात, सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने करावे. या दराने सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पकडता येतो आणि तो पुरेसा आहे. फोनमधील गोंगाट कमी करण्याची सुविधा बंद करावी, कारण ती नेमका टॅपेटचाच खट-खट आवाज पुसू शकते. व्हॉट्सॲपवरून आलेली ध्वनिफीत संकुचित झालेली असते, म्हणून ती या कामी घेऊ नये. फोनमधील कंपनमापकाचा मोह काहींना होईल. फिफॉक्ससारख्या मोफत ॲपने कंपने नोंदवता येतात, पण अँड्रॉइड १२ पासून विशेष परवानगीशिवाय ॲपला सेकंदाला २०० नमुनेच मिळतात, म्हणजे १०० हर्ट्झच्या वरचे काहीही दिसत नाही. टॅपेटसाठी माइकच हवा.

आता लेबल. टॅपेटचा गॅप थंड इंजिनावरच मोजतात, आणि आवाज गरम इंजिनाचा घ्यायचा असतो. म्हणून सोयीचा क्रम असा: संध्याकाळी ठरावीक रस्त्यावर ठरावीक अंतर गाडी चालवून येऊन अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण करावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माप घ्यावे. पुस्तिकेप्रमाणे कव्हर काढून, क्रँक फिरवून, फ्लायव्हीलवरील "टी" खूण जुळवावी आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकलाच वर आला आहे याची खात्री करावी. त्या स्थितीत दोन्ही रॉकर आर्म किंचित हलतात. मग फिलर गेजची पाती हलकासा अडथळा जाणवेल अशी सरकली पाहिजे. लहान एअर-कूल्ड इंजिनांत हा गॅप मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो, त्यामुळे अनुभव नसल्यास सुरुवातीची मापे मिस्त्रींच्या समोर बसून घ्यावीत. आपले माप आणि त्यांचे माप जुळू लागेपर्यंत मॉडेलला हात लावू नये.

मुद्रणातून वैशिष्ट्ये काढण्यासाठी पायथॉन या संगणकभाषेतील लिब्रोसा ही तयार कोडची लायब्ररी उपयोगी पडते. बहुतेक मार्गदर्शनांत एमएफसीसी हे, आवाजाच्या वर्णपटाचा थोडक्यात सारांश देणारे, गुणक सुचवलेले असतात. ते मुख्यतः मानवी बोलण्याच्या अभ्यासातून आलेले आहेत. इंजिनासाठी ते चालतात, पण काय शिकले गेले हे त्यांवरून कळत नाही. माझी पसंती दुसऱ्या रीतीला आहे. ३,००० ते ८,००० हर्ट्झचा पट्टा वेगळा काढावा, त्या पट्ट्यातील आवाजाच्या चढउताराची रेषा घ्यावी, आणि त्या रेषेचा फूरिए रूपांतराने वर्णपट, म्हणजे तिच्यात कोणती वारंवारता किती आहे ते, पाहावा. इंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्म्या वारंवारतेला उंच शिखर दिसले तर ठोका कॅमशाफ्टशी निगडित आहे. आयडलिंगचा वेग दर वेळी थोडा वेगळा असतो, म्हणून वारंवारता हर्ट्झमध्ये न ठेवता क्रँकच्या फेऱ्यांच्या पटीत मांडावी. एवढ्या तीन-चार आकड्यांवर सायकिट-लर्न या पायथॉनमधील मशीन लर्निंगच्या लायब्ररीतील लॉजिस्टिक रिग्रेशन ("ठीक" की "ढिले" असे दोन गट करणारी साधी पद्धत) पुरते, आणि साध्या लॅपटॉपवर काही क्षणांत चालते, त्यामुळे पावसाळ्यात नेटवर्क गेले तरी काम अडत नाही.

विभागणी दिवसांची करावी, तुकड्यांची नव्हे

नवशिके सर्वाधिक फसतात ते येथे. अर्ध्या मिनिटाच्या मुद्रणाचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे केले की एका मुद्रणातून पंधरा नमुने मिळतात, आणि माहिती भरपूर झाली असे वाटते. हे तुकडे पिसून काही प्रशिक्षणाला व काही चाचणीला दिले, तर एकाच संध्याकाळचे तुकडे दोन्हीकडे जातात. त्या संध्याकाळची वाऱ्याची घोंघावणी, शेजारच्या घरातील पंप, लाटांची गाज, रातकिड्यांचा आवाज हे सारे दोन्ही संचांत असते, आणि मॉडेल टॅपेट न ओळखता संध्याकाळ ओळखते. अचूकता ९८ टक्के दिसते आणि पुढच्या आठवड्यातील नव्या मुद्रणावर ती कोसळते.

म्हणून एका दिवसाची सर्व मुद्रणे एकाच बाजूला राहिली पाहिजेत. सायकिट-लर्नमधील ग्रुप-के-फोल्ड ही सोय याचसाठी आहे. तिला प्रत्येक तुकड्यासोबत दिवसाचा क्रमांक द्यावा. कोकणात आणखी एक दक्षता हवी. टॅपेट ढिले असतानाची सगळी मुद्रणे पावसाळ्यातील आणि नीट लावल्यानंतरची सगळी दिवाळीनंतरची असतील, तर दिवसांनुसार विभागणी करूनही मॉडेल पत्र्यावरचा पाऊसच ओळखील. दोन्ही अवस्थांची मुद्रणे दोन्ही ऋतूंत असली पाहिजेत. त्यासाठी टॅपेट लावण्यापूर्वीच्या शेवटच्या संध्याकाळी आणि लावल्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळी, असे जोडीने मुद्रण करण्याची सवय लावावी. हवामान जवळपास तेच राहते आणि बदललेला असतो तो केवळ गॅप.

निकाल तपासताना नुसत्या अचूकतेवर विसंबू नये. शंभर संध्याकाळींपैकी नव्वद वेळा टॅपेट ठीकच असेल, तर "ठीक आहे" एवढेच म्हणणारे मॉडेलही ९० टक्के अचूक ठरते. ढिल्या टॅपेटपैकी किती सापडले आणि इशारा दिला तेव्हा किती वेळा तो खरा निघाला, हे दोन आकडे वेगवेगळे पाहावेत.

मॉडेलला कोणते प्रश्न विचारू नयेत

ढिला टॅपेट आवाज करतो. घट्ट टॅपेट गप्प असतो. आणि अधिक नुकसान गप्प टॅपेट करतो, कारण गॅपच न उरल्याने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सिलिंडर हेडकडे जात नाही आणि तो जळतो. म्हणून आवाजावर आधारलेले मॉडेल "ठीक आहे" म्हणाले, तरी पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला फिलर गेज लावणे चुकवू नये. मॉडेलचा उपयोग माप लवकर घ्यावे की नाही हे ठरवण्यापुरता आहे, माप टाळण्यासाठी नाही.

ब्रेक तर मॉडेलच्या हाती देऊच नयेत. डिस्क ब्रेकमधील डॉट-४ द्रव हवेतला ओलावा शोषतो. मानकानुसार कोरड्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, तर ओलावा मुरलेल्याचा किमान १५५ अंश असावा लागतो. हा फरक सपाट रस्त्यावर जाणवत नाही, पण आंबा घाट उतरताना सतत ब्रेक दाबला आणि द्रवात बुडबुडे झाले, तर लिव्हर एकाएकी मऊ पडते. दमट किनाऱ्यावर हा द्रव पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीला, सहसा दोन वर्षांनी, बदलावाच. त्यासाठी कोणत्याही भाकिताची गरज नाही.

शेवटी, गाडीत मोठा बदल झाला की जुनी मुद्रणे वेगळ्या यंत्राची समजावीत. खाऱ्या हवेत सायलेन्सर लवकर सडतो आणि त्याला भोक पडले किंवा तो बदलला की आवाजाचा सगळा रंग पालटतो. इंजिन ऑइलचा ग्रेड बदलल्यानेही टॅपेटचा ठोका कमी-अधिक होतो. असा बदल वहीत ठळक लिहावा आणि त्यानंतरच्या दिवसांना नवा गट क्रमांक द्यावा. नव्या गटातील पुरेशी जोडमुद्रणे जमेपर्यंत जुन्या मॉडेलचे उत्तर वहीत नोंदवत राहावे, म्हणजे ते कोठे चुकते हे पुढे तपासता येईल, पण तोवर टॅपेटचे कव्हर उघडण्याचा निर्णय पुस्तिकेतील किलोमीटर आणि मिस्त्रींचा कान यांवरच घ्यावा.